दैव पाचवे

टेंभुर्णीच्या आसपासच्या गावांत एखादा पाझर तलाव भरून वाहू लागला, की "तळं सांडलं" एवढे दोनच शब्द गावभर फिरतात आणि माणसे तिकडे निघतात. सरपंच येतात, नारळ फुटतो, बायका खण घालून पाण्याची ओटी भरतात, पोरे मोबाइल उंचावून उभी राहतात. हे जलपूजन होते कुठे, ते मात्र पाहण्यासारखे असते. मातीच्या लांब भरावावर नाही, दगडी पिचिंगवरही नाही. बहुतेक वेळा ते सांडव्यापाशी होते. तलावाच्या पोटात न मावलेले पाणी जिथून निघून जाते, तिथे.

वरवर याचे कारण सोपे आहे. सोलापूर जिल्ह्यात वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. इथे पुरेसे असणे हीच मोठी गोष्ट, मग पुरून उरणे तर सणच. पण तलाव बांधणाऱ्याच्या नजरेतून पाहिले तर त्याच सांडव्यावर वेगळीच गोष्ट लिहिलेली असते. तलावाचा बाकी सगळा भाग माणसाला काय ठाऊक आहे त्यावर उभा असतो: नाल्याला पाणी किती येते, मातीत किती मुरते, खाली किती विहिरींना पाझर लागेल. सांडवा तेवढा, आपल्याला काय ठाऊक नाही या हिशेबाने बांधलेला असतो.

दैव आणि प्रयत्न यांचा जुना वाद ग्रंथांत पुष्कळ आहे. योगवासिष्ठात वसिष्ठ रामाला सांगतात की दैव म्हणून वेगळे काही नाही, ते आपल्याच जुन्या प्रयत्नाचे फळ. रामदासांनी प्रयत्नालाच देवपण दिले. कीर्तनात हा वाद रंगतो आणि बुक्का लागला की मिटतो. मातीच्या बांधावर तो असा मिटत नाही, कारण तिथे दैवाचा वाटा किती आणि माणसाचा किती हे मीटरमध्ये मोजून ठरवावे लागते.

टेंभुर्णी माढा तालुक्यातले, पुणे-सोलापूर महामार्गावरचे गाव. तालुक्याच्या एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला सीना. काही किलोमीटरवर भीमानगरला उजनीचे धरण, १९८० साली पूर्ण झालेले, सुमारे ११७ टीएमसी पोटाचे. या अजस्र शेजाऱ्यामुळे लहान तलावांकडे कोणाचे लक्ष जात नाही. पण माळरानावरच्या ओढ्यानाल्यांवर असे मातीचे बांध जागोजाग आहेत. सोलापूर जिल्ह्यात ही परंपरा जुनी. सोलापूरजवळचा एकरूख म्हणजेच हिप्परग्याचा तलाव १८७१ मध्ये पुरा झाला, आष्टीच्या तलावाची माती १८७६-७७ च्या दुष्काळात भुकेल्या माणसांनी वाहिली. मग १९७२ च्या दुष्काळात पाझर तलावांची रांगच लागली. सुकडी खाऊन टोपल्या वाहिलेल्या त्या पिढीतल्या म्हाताऱ्या आजही "ह्यो बांध आमी घातलाय" असे सांगतात, आणि त्यांचे म्हणणे कोणत्याही कोनशिलेपेक्षा खरे असते.

मातीचा बांध दिसायला अडाणी वाटतो, पण असतो मोठा हिशेबी. मधोमध काळ्या चिकण मातीचा गाभा, कारण तिच्यातून पाणी सहज झिरपत नाही. दोन्ही अंगांना मुरमाचे कवच, कारण काळी माती एकटी उतारावर टिकत नाही. गाभ्याखाली थेट कठीण थरापर्यंत खोदलेला चर, नाहीतर पाणी बांधाच्या खालून वाट काढते. थरावर थर, प्रत्येक थराला पाणी आणि दाबाई. हे सगळे नीट झाले तर असा बांध शंभर-दीडशे वर्षे उभा राहतो, हे एकरूखने दाखवले आहे. मात्र एक गोष्ट त्याला अजिबात सोसत नाही. दगडी धरणाच्या माथ्यावरून पाणी गेले तर ते एखादवेळ तगते. मातीच्या बांधावरून विताएवढे पाणी काही तास वाहिले तर माथा खरवडतो, घळ पडते, आणि मग तलाव आहे की नाही हा प्रश्नच उरत नाही. दुसरे मरण आतून येते. कुजलेले मूळ, घुशीचे बीळ, उन्हाळ्यात काळ्या मातीला पडलेली भेग, यांतून पाझर सुरू होतो. पाझर स्वच्छ आहे तोवर घाबरायचे नाही. गढूळ झाला की बांध आतून वाहू लागला असे समजायचे.

असा बांध फुटला म्हणजे पहिले वाक्य बोलले जाते ते "देवाची करणी".

मराठीत या वाक्याला एक जोडीदार आहे. आपल्या पूर्वजांनी संकटांची विभागणी दोन फारसी शब्दांत करून ठेवली: अस्मानी आणि सुलतानी. आभाळातून आले ते अस्मानी, राज्यकर्त्याकडून आले ते सुलतानी. किती स्वच्छ विभागणी! पण धरण ही वस्तू ती मोडून टाकते. पाऊस आभाळातला, दरवाजे सरकारी. पुण्याकडच्या धरणांतून सोडलेले पाणी दौंडवरून उजनीत येते, उजनीचे भीमेत सुटते, नीरा-नरसिंहपूरच्या संगमावर वीर धरणाचे पाणी त्याला मिळते आणि पंढरपुरात पुंडलिकाचे देऊळ बुडते. यातले अस्मानी किती टक्के? नदीकाठचा माणूस आता पावसाइतकाच विसर्गाचा आकडा ऐकतो. "किती सोडलंय?" हा प्रश्न आभाळाकडे पाहून विचारता येत नाही.

कायद्यालाही याच प्रश्नाने घाम फोडला आहे, आणि गंमत म्हणजे पाण्याच्या साठ्यांनीच. इंग्लंडमधल्या लँकेशायरात एका गिरणीवाल्याने जलाशय बांधला. त्याचे पाणी जुन्या, बुजलेल्या खाणींच्या वाटेने शेजाऱ्याच्या कोळसा खाणीत शिरले. १८६८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवले की असा साठा जो करील, त्याने तो आपल्या जबाबदारीवर सांभाळावा, निष्काळजीपणा सिद्ध होण्याचीही गरज नाही. या नियमातून सुटायच्या वाटा थोड्या, त्यांतली एक म्हणजे ईश्वरी करणी. पुढे सहाच वर्षांनी लंडनच्याच प्रिव्ही कौन्सिलसमोर हिंदुस्थानातला खटला आला. कार्वेटनगरच्या जमीनदाराचे तलाव अतिवृष्टीत फुटले आणि मद्रास रेल्वेचे नुकसान झाले. रेल्वे कंपनीने लँकेशायरचा नियम पुढे केला. न्यायाधीशांनी तो लागू केला नाही. या देशात तलाव राखणे ही जमीनदाराची हौस नसून परंपरेने आलेले कर्तव्य आहे, त्यावाचून प्रजा जगणार नाही, म्हणून त्याने काळजी घेतली असेल तर केवळ तलाव फुटला एवढ्यावरून तो दोषी होत नाही, असा त्या निर्णयाचा रोख होता. पाणी साठवणे हा इथे धर्म आहे, हे लंडनच्या न्यायासनाने १८७४ मध्ये मान्य केले. मात्र त्या निर्णयातली "काळजी घेतली असेल तर" ही अट पुढे लोकांच्या लक्षात राहिली नाही. उरली ती सूट.

ती सूट किती ताणता येते, हे मोरबीत दिसले. ११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातमधले मच्छू-२ हे मातीचे धरण माथ्यावरून पाणी जाऊन फुटले आणि हजारो माणसे गेली. सांडव्याच्या दरवाजांतून जेवढे पाणी जाऊ शकत होते, त्याच्या दुपटीहून अधिक पाणी आले होते. सरकारी तोंडातून ईश्वरी करणीचीच भाषा निघाली. चौकशी आयोग नेमला गेला आणि काम पुरे होण्याआधीच गुंडाळलाही गेला. देवाला समन्स बजावता येत नाही, ही त्याच्या नावाची मोठी सोय आहे.

आता गीता काय म्हणते ते पाहावे, कारण "सगळे दैवाधीन" म्हणणारे बहुधा तिचाच हवाला देतात. अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधने, निरनिराळ्या चेष्टा, आणि पाचवे दैव. पुढच्याच श्लोकात म्हटले आहे की कर्म न्याय्य असो वा विपरीत, कारणे हीच पाच. जुने भाष्यकार अधिष्ठान म्हणजे शरीर आणि दैव म्हणजे इंद्रियांच्या अधिष्ठात्या देवता असा अर्थ लावतात, तेव्हा ही यादी बांधावर नेणे म्हणजे थोडी मुभा घेणे आहे. पण ती तिथे विलक्षण चपखल बसते. अधिष्ठान म्हणजे जागा आणि तिच्याखालचा थर. कर्ता म्हणजे आराखडा करणारा, मोजमाप पुस्तकात सही करणारा, ठेकेदार, टोपली वाहणारी बाई, सगळे. करण म्हणजे माती, मुरूम, रोलर, पाण्याचा टँकर. चेष्टा म्हणजे दरवर्षीची देखभाल: बाभळी काढणे, बिळे बुजवणे, पाझर गढूळ झाला का ते पाहणे. हे चार झाल्यावर दैव, म्हणजे त्या वर्षीचा पाऊस.

म्हणजे गीतेने दैव नाकारलेले नाही, त्याला क्रमांक दिला आहे. आपण करतो ते असे, की पाचवे पहिल्याच ओळीत लिहितो आणि पान मिटतो. बरे, गीता दुसऱ्या टोकालाही सोडत नाही. पाच कारणे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची बुद्धी संस्कारलेली नाही, असेही ती लगेच म्हणते. आपला आराखडा चुकणारच नाही असे समजणाऱ्या अभियंत्यालाही ते लागू आहे.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. मातीचे, लहान धरण. खालची भेंदवाडी वाहून गेली, वीसहून अधिक माणसे मेली. गळती होत असल्याच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. तेव्हाचे जलसंधारणमंत्री तानाजी सावंत हे माढा तालुक्यातल्याच वाकावचे. त्यांनी सांगितले की खेकड्यांनी बांध पोखरला. महाराष्ट्र हसला, संतापला. विरोधी पक्षाचे कार्यकर्ते खेकडे घेऊन ठाण्यात पोलिसांकडे गेले, यांच्यावर खुनाचा गुन्हा नोंदवा म्हणाले. हे सगळे विसरून थोडा वेळ खेकड्याकडे पाहावे. खेकडा बांध पोखरतो हे खोटे नाही, कोकणातल्या कोणत्याही भातखाचराच्या मालकाला विचारावे. अडचण वेगळीच आहे. खेकडा दरवर्षी असतो, त्याचे येणे अनपेक्षित नाही, म्हणून तो दैवात मोडत नाही. त्याची जागा चौथ्या कारणात, चेष्टेत आहे: बीळ कोणी पाहिले, कोणी बुजवले, कोणी बुजवले नाही. मंत्र्यांच्या विधानाचा दोष जीवशास्त्रात नव्हता. चौथ्या क्रमांकाची गोष्ट त्यांनी पाचव्यावर नेऊन ठेवली.

पानशेतला १२ जुलै १९६१ रोजी या चौथ्या कारणाची दुसरी बाजू दिसली होती. काम अपुरे असताना पाणी अडवले गेले, खचणाऱ्या भरावावर जवानांनी रात्रभर मातीची पोती रचली, आणि सकाळी धरण गेलेच. त्या पोत्यांनी मिळवलेले काही तास पुण्यातल्या कित्येकांचा जीव वाचवून गेले, कारण पूर रात्री न येता दिवसा आला. पाचवे कारण दारात उभे असताना चौथे शेवटच्या घटकेपर्यंत लढत होते. त्या पुराचे पाणी मुळा-मुठेतून भीमेत, आणि तिथून टेंभुर्णीच्या शिवेवरून पुढे गेले असणार.

सोलापूर जिल्ह्याला कोसळत्या भिंतींची आठवण याहूनही जुनी आहे. पंढरपूरच्या पलीकडे मंगळवेढ्यात गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली इतर मजुरांबरोबर चोखामेळा गेला, असे परंपरा सांगते. साल १३३८. नामदेव तिथे गेले आणि ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू येत होते त्या चोखोबाच्या म्हणून वेचून त्यांनी पंढरपुरास आणल्या. महाद्वारासमोर आज जी समाधी आहे ती त्यांची. कथा हृदयाला भिडणारी आहे, आणि तिने एका प्रश्नाचे उत्तर दिले आहे: या ढिगाऱ्यात संत कोण होता? दुसरा प्रश्न तिने विचारलाच नाही. भिंत का पडली, कोणी कशी बांधली, तिच्याखाली वेठीला कोण होते आणि वर उभे राहून काम कोण करून घेत होते? ज्यांच्या अस्थी बोलल्या नाहीत त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. चोखोबाने आपल्या जन्माचे दुःख पूर्वकर्माशी जोडून पाहिले आणि त्याच वेळी देवाला जाबही विचारला. हा जाब विचारणारा भाग वारकरी परंपरेत जपला गेला, पण भिंतींपर्यंत तो पोचला नाही.

१४ ऑक्टोबर २०२० ला त्याच पंढरपुरात, अतिवृष्टीत, चंद्रभागेच्या काठी कुंभार घाटाची भिंत कोसळली. पावसापासून आडोसा घेऊन बसलेली सहा माणसे तिच्याखाली गेली. या वेळी प्रश्न विचारले गेले, त्याच दिवशी. सहाशे ऐंशी वर्षांत एवढे तरी झाले.

सांडव्याकडे परत यावे. दैव पाचवे आहे, पण आहे, हे ज्याने मान्य केले तो त्याच्यासाठी वाट राखून ठेवतो. सांडवा म्हणजे ती वाट. आजवर पडला नाही एवढा पाऊस उद्या पडेल, तेव्हा त्याला बांधाशी भांडावे न लागता बाजूने जाता यावे, एवढीच ती सोय. चीनमधल्या बानछियाओ धरणासाठी जलतज्ज्ञ चेन शिंग यांनी बारा दरवाजे सुचवले होते. फार सावध माणूस म्हणून त्यांना बाजूला सारले गेले आणि पाचच बांधले. ऑगस्ट १९७५ मध्ये टायफून नीनाच्या पावसाने ते धरण फोडले. गाळलेले सात दरवाजे म्हणजे दैवाला नाकारलेली जागा होती.

खेड्यात हे नाकारणे फार साध्या रूपात दिसते. तलाव भरत आला की सांडव्यावर वाळूची पोती रचायची, म्हणजे आणखी फूटभर पाणी थांबते. कुठे दगडमातीचा आडवा वरंबाच घालतात. सांडव्याच्या पुढच्या चरात कोणाचा ऊस उभा राहतो, कोणाची पाइपलाइन जाते, बाभळी माजतात. यात दुष्टपणा नाही. जानेवारीत विहीर तळ गाठणार हे ठाऊक असलेल्या माणसाने डोळ्यांदेखत वाहून जाणारे पाणी पाहत बसावे, हे सांगणे सोपे आणि करणे कठीण. पण त्या फूटभर पाण्याची किंमत बांधाच्या माथ्यावरची मोकळी उंची खाऊन चुकती होते, आणि ती उंची पाचव्याच्या नावावर होती.

पूर अडवण्यासाठीच बांधलेला मातीचा बांध तर याहून अवघड वस्तू. तो उपयोगी पडावा म्हणून रिकामा असावा लागतो. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन शहराला १९१३ मध्ये महापुराने बुडवले, तेव्हा आर्थर मॉर्गन या अभियंत्याने वरच्या खोऱ्यांत पाच मातीचे बांध घातले. १९२२ पर्यंत ते पुरे झाले. त्यांना दरवाजेच नाहीत. तळाशी उघडी वाट आहे. एरवी नदी त्यातून सरळ जाते, मागे शेती होते, गुरे चरतात. पूर आला की वाटेत मावेल तेवढेच पाणी पुढे जाते, उरलेले मागे तुंबते आणि सावकाश निघते. मॉर्गनने युरोपातल्या नद्यांच्या शेकडो वर्षांच्या पुरांच्या नोंदी धुंडाळल्या आणि १९१३ च्या पुराहून सुमारे ४० टक्के मोठा पूर येईल असे धरून आखणी केली. पाचव्या कारणासाठी त्याने चाळीस टक्के वाढून ठेवले! हाच मॉर्गन १९४८ मध्ये भारतात आला, तत्त्वज्ञ राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालच्या विद्यापीठ शिक्षण आयोगाचा सदस्य म्हणून, आणि ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडणाऱ्यांत तो पुढे होता. त्याच्या कोरड्या धरणांबद्दल त्या दोघांत काही बोलणे झाले असेल तर ते ऐकायला मिळायला हवे होते.

माढ्यात असे रिकामे धरण कोण चालू देईल? इथे उजनीचा साठा टक्क्यांत मोजतात आणि तो आकडा शून्याखालीही जातो. २०२४ च्या उन्हाळ्यात तो वजा साठच्या आसपास होता. उजनी "मायनस"मध्ये असताना जो माणूस टँकरची वाट पाहतो, त्याला ऑगस्टमध्ये धरणात थोडी जागा मोकळी राखा असे सांगायला मोठे धाडस लागते, आणि अधिकाऱ्यांनाही ते सहसा होत नाही. जागा ठेवली आणि परतीचा पाऊस आला नाही, तर दोष त्यांचाच. भरून ठेवली आणि पूर आला, तर दोष पावसाचा. या व्यवहारात दैवाचा सोयीस्कर वापर कोणत्या बाजूला आहे ते उघडच आहे. तरी शेतकऱ्याला यासाठी हावरा म्हणणे अन्यायाचे होईल. अपरिग्रह हा ज्याच्याकडे काही आहे त्याने पाळायचा नियम आहे. तहानलेल्याला तो शिकवायचा नसतो.

मग सप्टेंबर २०२५ आला. सीना ही एरवी आटलेली, बंधाऱ्याबंधाऱ्यांनी अडवून पाणी पुरवून वापरायची नदी. ती माढा, करमाळा, मोहोळच्या काठांवर अशी चढली की गावे पाण्यात गेली, उभी पिके आणि खालची मातीही खरवडून गेली. म्हाताऱ्यांनी असा पूर पाहिला नव्हता. सांडवा बांधणारा ज्या दिवसाचा विचार करून तो बांधतो, तो हाच दिवस. पाणी उतरल्यावर पंचनामे झाले: किती एकर, किती जनावरे, किती भिंती. कागदावर कारण एकच, अतिवृष्टी. ते खरेही होते.

त्या पावसात कित्येक तळी सांडली. कुठे जलपूजन झाले, कुठे कोणाला सुचले नाही. आता पुन्हा उन्हाळ्यात ती आटतील, सांडव्याच्या तोंडाशी वेडी बाभूळ हातभर वाढेल, कोरड्या चरातून शेळ्या जातील. बाभूळ तोडायची, बिळे बुजवायची, रचलेली पोती काढायची, ती याच दिवसांत. पण तलावात पाणी नसते तेव्हा तिकडे कोणी जात नाही. गेल्या वर्षीच्या नारळाची एखादी करवंटी तेवढी तिथे पडलेली असते.